हिरव्या झोतातून सात रंग

२०२५ च्या फेब्रुवारीत एका माध्यमिक शाळेने राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या कार्यक्रमासाठी मला पाहुणी म्हणून बोलावले होते. व्यासपीठामागे दहा फूट रुंदीचा फ्लेक्स लावलेला होता. मध्यभागी पांढऱ्या केसांचे, पगडी घातलेले सर चंद्रशेखर वेंकट रामन. त्यांच्या हातातील नळीतून निघालेला झगझगीत हिरवा झोत एका काचेच्या लोलकावर पडलेला आणि लोलकाच्या दुसऱ्या बाजूने इंद्रधनुष्याचे सात रंग बाहेर पडलेले. भोवती अणूंची चित्रे, डीएनएची शिडी, रंगीत धूर ओकणाऱ्या परीक्षानळ्या. चित्र देखणे होते. संगणकाला चार ओळींची सूचना देऊन ते वीस मिनिटांत तयार झाल्याचे मुख्याध्यापकांनी कौतुकाने सांगितले.

माझे भाषण झाल्यावर प्रश्न विचारण्याची वेळ आली. नववीतली एक मुलगी उभी राहिली आणि फ्लेक्सकडे बोट दाखवून म्हणाली, "मॅडम, ती हिरवी रेघ काचेत गेल्यावर सात रंग कुठून आले? सात रंग तर पांढऱ्या प्रकाशातून येतात ना?"

तिचे बरोबर होते. फ्लेक्स चुकीचा होता. आणि त्यातली लाजिरवाणी गोष्ट अशी, की तेच चित्र आठ दिवस आधी निमंत्रण म्हणून माझ्या फोनवर आले होते व मी त्याला 'छान!' असे उत्तरही धाडले होते. मी संशोधन करते. प्रकाश आणि वर्णपट हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. तरीही मी चित्र पाहिले, वाचले नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी केलेली भित्तिपत्रके आता शाळाशाळांतून दिसू लागली आहेत. विज्ञान प्रदर्शन, पर्यावरण दिन, गणित दिन, स्नेहसंमेलन, कोणतेही निमित्त असो. त्यांचे परीक्षण मात्र कोणी करत नाही. ते करून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

चूक नेमकी कोठे आहे?

चूक किरकोळ असती तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. पण ती नेमकी त्या दिवसाच्या विषयावरच बसलेली आहे.

पांढरा प्रकाश लोलकातून गेला की त्याचे घटक रंग वेगळे होतात, हे न्यूटनने दाखवले. १६७२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या लेखातला सर्वांत महत्त्वाचा प्रयोग मात्र पुढचा आहे. वेगळ्या झालेल्या रंगांपैकी एकच रंग त्याने दुसऱ्या लोलकातून जाऊ दिला. त्या रंगाचे आणखी रंग झाले नाहीत. लोलक रंग निर्माण करत नाही, असलेले रंग वेगळे करतो, हा त्याचा अर्थ. म्हणजे हिरवा झोत लोलकातून गेला तर पलीकडे हिरवाच निघणार. फ्लेक्सवरचे चित्र न्यूटनने साडेतीनशे वर्षांपूर्वीच खोडून काढले होते.

रामन यांनी काय केले? कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत, के. एस. कृष्णन यांच्यासह काम करताना, एका ठरावीक रंगाचा प्रकाश द्रवातून विखुरला जातो तेव्हा त्यात मूळ रंगापेक्षा वेगळा रंगही अगदी अल्प प्रमाणात असतो, असे त्यांना आढळले. २८ फेब्रुवारी १९२८ हा त्या शोधाचा दिवस. पाऱ्याच्या दिव्यातील ४३५.८ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश बेंझीनवर टाकला, तर विखुरलेल्या प्रकाशात मूळ रेषेखेरीज सुमारे ४५५ नॅनोमीटरवर एक क्षीण रेषा दिसते. साधारण एक कोटी प्रकाशकणांपैकी एखादाच असा बदलतो. हा बदल द्रवातील रेणू घडवून आणतात. वर्णपटदर्शकात लोलक असतो हे खरे; पण त्याचे काम ती नवी रेषा वेगळी करून दाखवण्याचे, ती निर्माण करण्याचे नव्हे.

आता पुन्हा फ्लेक्सकडे पाहा. एका रंगातून नवे रंग मिळतात, ही रामन यांची गोष्ट. लोलकातून सात रंग निघतात, ही न्यूटनची. चित्रात दोन्ही एकत्र शिवून टाकलेल्या आहेत आणि त्यातून जे उभे राहिले ते न्यूटनलाही मान्य होणारे नाही आणि रामन यांनाही नाही. रामन परिणाम समजण्यासाठी विद्यार्थ्याने जो फरक ओळखायला हवा, तोच या चित्राने पुसून टाकला आहे.

बाकीच्या चुका त्या मानाने लहान. हातातील नळीतून निघणारा तो झोत उघडच लेसरचा आहे आणि पहिला लेसर १९६० साली तयार झाला. रामन यांच्या सुरुवातीच्या प्रयोगांत सूर्यप्रकाश आणि रंगीत काचेच्या गाळण्या होत्या; पुढे पाऱ्याचा दिवा आला. पांढरे केसही चुकीचेच. रामन यांचा जन्म १८८८ चा. शोध लागला तेव्हा ते ३९ वर्षांचे होते, म्हणजे त्या शाळेतील कित्येक शिक्षकांपेक्षा तरुण! डीएनएची दुहेरी सर्पिल रचना १९५३ साली कळली. तिचे इथे काय काम, हे चित्रच जाणे. शिवाय ती उलट्या पिळाची काढलेली होती. डीएनएचा नेहमीचा पीळ साध्या स्क्रूच्या आट्यांसारखा उजवा असतो. स्क्रू उभा धरला तर समोरचे आटे डावीकडून उजवीकडे चढत जातात. फ्लेक्सवरची शिडी उजवीकडून डावीकडे चढत होती.

यंत्र चित्र कसे काढते?

या चुका यंत्र बिघडल्यामुळे होत नाहीत. ते नीट चालत असतानाच होतात. म्हणून त्याची रीत थोडक्यात समजून घेतली पाहिजे.

अशा साधनांना आधी चित्र आणि त्याखालचा मजकूर यांच्या असंख्य जोड्या दाखवल्या जातात. २०२२ साली संशोधनासाठी खुल्या केलेल्या अशा एका संग्रहात सुमारे ५८५ कोटी जोड्या होत्या. चित्रावर मुद्दाम थोडा थोडा 'गोंगाट' पसरत जायचा, दूरदर्शनच्या पडद्यावर पूर्वी मुंग्या दिसत तसा, आणि तो कसा काढून टाकायचा हे यंत्राने शिकायचे, अशी सर्वाधिक प्रचलित पद्धत आहे. शिकून झाल्यावर त्याला निव्वळ मुंग्यांपासून सुरुवात करायला लावतात. 'रामन, विज्ञान दिन, प्रकाश' हे शब्द हाताशी धरून यंत्र एकेक पायरीने गोंगाट कमी करत जाते आणि त्या शब्दांबरोबर जे बहुधा दिसते त्याच्या जवळचे चित्र तयार होते.

'बहुधा दिसते' हे शब्द महत्त्वाचे. 'विज्ञान' या शब्दाशेजारी जगभरच्या चित्रांत डीएनए, अणू आणि परीक्षानळ्या असतात, म्हणून त्या येतात. 'प्रकाश' म्हटले की लोलक येतो. त्यातले काय खरे आणि काय एकमेकांशी विसंगत, हे तपासण्याची पायरी या रीतीत नाही.

याचा एक सोपा पुरावा वर्गात देता येतो. घड्याळांच्या जाहिरातींत काटे बहुतेक वेळा दहा वाजून दहा मिनिटांवर असतात. म्हणून चित्र काढणाऱ्या अनेक साधनांना 'सहा वाजून पंचवीस मिनिटे दाखवणारे घड्याळ काढ' असे सांगितले, तरी ती बराच काळ दहा-दहाचेच घड्याळ काढत असत. आपल्या हाताशी असलेल्या साधनावर हा प्रयोग जरूर करून पाहावा. जमले तर आणखी अवघड वेळ सांगावी.

कोणी म्हणेल, हाताने काढलेल्या भित्तिपत्रकांत काय चुका नसत? होत्याच. आमच्या पिढीने सूर्यमालेसारखे अणू कार्डशीटवर भरपूर रंगवले. उलट्या पिळाचा डीएनए तर पाठ्यपुस्तकांत, जाहिरातींत आणि शास्त्रीय नियतकालिकांतही छापून आला आहे. यंत्र तेच शिकले आहे. फरक एवढाच, की हाताने चित्र काढणाऱ्या मुलाला प्रत्येक रेघेपाशी थांबावे लागे. 'सर, झोत इथून काढू की तिथून?' असे विचारावे लागे. त्या विचारण्यात शिकणे होई. वीस मिनिटांत तयार झालेल्या चित्रात कोणीच कोणाला काही विचारले नव्हते.

अक्षरे आणि जोडाक्षरे

त्या फ्लेक्सवर शीर्षक होते 'राष्टीय विज्ञान दिवस'. 'ष्ट्र'मधला र गळाला होता आणि मराठी 'दिना'च्या जागी हिंदीतला 'दिवस' आला होता. तळाशी बारीक मजकुराच्या दोन ओळी होत्या. त्या दुरून देवनागरी दिसत. जवळ जाऊन पाहिले तर त्यात एकही शब्द नव्हता.

यामागेही कारण आहे. आपण संगणकावर 'राष्ट्रीय' टंकित करतो तेव्हा प्रत्येक वर्णाला ठरलेला क्रमांक असतो आणि ष, ट, र जोडून 'ष्ट्र' कसा दाखवायचा याचे नियम टंकात, म्हणजे फाँटमध्ये, लिहिलेले असतात. चित्र काढणारे यंत्र अक्षर टंकित करत नाही. झाडाचे पान किंवा दगड काढावा तसे अक्षराचे चित्र काढते. पानाची एक शीर इकडेतिकडे झाली तर पान पानच राहते. अक्षराचे तसे नाही. 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा' यांत फरक केवळ र लिहिण्याच्या रीतीचा आहे. पण एकदा गुरुजी येतील आणि एकदा स्वयंपाकी! त्यातून इंग्रजीच्या तुलनेत मराठी मजकुराची चित्रे शिकण्याच्या संग्रहात फारच थोडी. मग 'शाळा'ची 'शाला' होते, कारण ळ यंत्राच्या फारसा पाहण्यात नसतो.

इंग्रजीतही हे झाले आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात मुलांसाठी चॉकलेटच्या अद्भुत नगरीचा एक कार्यक्रम जाहीर झाला. जाहिरातीतली चित्रे अशाच साधनांनी केलेली होती आणि त्यांत 'कॅटगेकेटिंग' यासारखे कोणत्याही शब्दकोशात नसलेले शब्द होते. ३५ पौंडांपर्यंतची तिकिटे काढून पालक पोहोचले, तेव्हा समोर जवळजवळ रिकामी वखार आणि थोडीशी सजावट. मुले रडली, पालक संतापले, पोलीस बोलवावे लागले. जाहिरात नीट वाचली असती तर शंका यायला जागा होती.

त्याच महिन्यात याहून गंभीर प्रकार घडला. जीवशास्त्राच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात यंत्राने काढलेल्या आकृत्यांसह एक शोधनिबंध छापून आला. त्यातील उंदराची शरीररचना अशक्य होती आणि नावे निरर्थक. निबंध परीक्षकांच्या नजरेखालून गेलेला होता. वाचकांनी ओरड केल्यावर तीन दिवसांत तो मागे घेण्यात आला. माझे 'छान!' एकटे नव्हते, असे म्हणून मी स्वतःची समजूत घालू शकते. पण त्यात समाधान नाही.

२०२५ च्या मार्चनंतर आलेली साधने अक्षरे बरीच सुधारून काढतात. ही चांगली गोष्ट, असे वाटेल. मला मात्र स्वयंपाकाच्या गॅसची आठवण होते. त्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे रसायन मुद्दाम मिसळतात. मोडकी जोडाक्षरे हा या चित्रांचा वास होता. वास गेला म्हणजे गळती थांबली असे नव्हे. शुद्ध मराठी शीर्षकाखाली तोच हिरवा झोत आणि तेच सात रंग उद्या बिनबोभाट भिंतीवर लागतील.

शास्त्रज्ञ म्हणजे कोण?

त्या फ्लेक्सच्या कडेला पांढऱ्या कोटातल्या काही अनामिक शास्त्रज्ञांची रांग होती. सर्व पुरुष, बहुतेकांना दाढी आणि चष्मा. त्याच्यासमोर उभी राहून मी बोलत होते, हा योगायोग मुलींच्या नजरेतून सुटला असेल असे मला वाटत नाही.

मुलांच्या मनातला शास्त्रज्ञ कसा असतो, याचा एक प्रसिद्ध अभ्यास डेव्हिड वेड चेंबर्स यांनी १९८३ साली प्रसिद्ध केला. ४,८०७ मुलांना 'शास्त्रज्ञाचे चित्र काढा' असे सांगितले होते. स्त्री शास्त्रज्ञ काढणारी मुले निघाली फक्त २८, आणि त्या सर्व मुलीच होत्या. पुढे अमेरिकेतील पाच दशकांच्या अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ साली घेण्यात आला, तेव्हा नंतरच्या काळातील सरासरी प्रमाण सुमारे २८ टक्क्यांपर्यंत चढलेले दिसले. मुले बदलतात, कारण ती आजूबाजूला पाहतात. यंत्र मात्र साचलेल्या चित्रांतून शिकते. आपण मुद्दाम वेगळे सांगितले नाही, तर ते कालचीच सरासरी आजच्या भिंतीवर आणून लावते.

रामन यांच्या बाबतीत हा मुद्दा अधिकच बोचरा आहे. १९३३ साली बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्रवेश मागणाऱ्या कमला भागवत यांना, केवळ स्त्री म्हणून, संचालक असलेल्या रामन यांनी आधी नकार दिला होता. त्या हटून बसल्या आणि अटींवर का होईना, प्रवेश मिळवला. पुढे कमला सोहोनी या नावाने ओळखल्या गेलेल्या याच संशोधिकेने १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली आणि नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत काम केले. १९४० नंतर रामन यांच्याच प्रयोगशाळेत अॅना मणी यांनी हिरे आणि माणके यांच्या वर्णपटांवर संशोधन केले. विज्ञान दिनाच्या भित्तिपत्रकावर या दोघींची छायाचित्रे शोभली असती, आणि पाहुणीच्या भाषणापेक्षा त्यांनी मुलींना अधिक सांगितले असते. यंत्राला ती सुचणार नाहीत. ती शिक्षकालाच सुचली पाहिजेत.

मग काय करावे?

साधनांवर बंदी घाला, असे मी म्हणणार नाही. ज्या शाळेत चित्रकलेचे शिक्षक नाहीत आणि छपाईला पैसे नाहीत, तिथे ही सोय मोलाची आहे. तिचा वापर करताना काही पथ्ये पाळली तर पुरे.

पहिले, विधान कागदावर लिहावे आणि मगच चित्राकडे वळावे. 'या भित्तिपत्रकातून आम्ही काय सांगतो आहोत?' याचे एक वाक्य लिहिता येत नसेल, तर यंत्रही ते सांगणार नाही.

दुसरे, यंत्राकडून फार तर पार्श्वभूमी घ्यावी. अक्षरे, तारखा आणि नावे स्वतः टंकित करावीत किंवा हाताने लिहावीत. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी अक्षरलेखन शिकलेली मुले प्रत्येक शाळेत असतात. त्यांना हे काम द्यावे.

तिसरे, शास्त्रीय आकृती यंत्राकडून घेऊ नये. रामन परिणामाची आकृती तर अगदी सोपी आहे. काळ्या पट्टीवर एक ठळक निळी रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक पुसट रेघ. पैकी लांब तरंगलांबीकडची थोडी अधिक स्पष्ट. दहावीची मुले ती पोस्टर कलरने काढू शकतात आणि काढताना 'पुसट का?' असे विचारतील. त्या प्रश्नात विज्ञान दिन साजरा झाला असे समजावे.

चौथे, माणसांच्या बाबतीत खरी छायाचित्रे वापरावीत. रामन यांची भरपूर उपलब्ध आहेत.

पाचवे, छापण्याआधी ते भित्तिपत्रक एका वर्गाला द्यावे आणि चुका काढायला सांगावे. शिक्षकांनी, मुख्याध्यापकांनी आणि पाहुण्यांनी 'छान!' म्हटलेले चित्र मुले किती बारकाईने वाचतात, ते पाहण्यासारखे असते.

हे पाचवे पथ्य त्या शाळेनेच मला शिकवले. फ्लेक्स टाकून न देता विज्ञानाच्या शिक्षकांनी तो प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावला आणि शेजारी कोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या ठेवल्या. चूक दिसली की चिठ्ठीवर कारण लिहायचे आणि तिथे चिकटवायची, असा नियम केला. पहिली चिठ्ठी अर्थातच हिरव्या झोतापाशी लागली. तिच्यावर लिहिले होते: 'लोलक रंग तयार करत नाही.' खाली नववीतल्या त्या मुलीची सही होती.